वाचनालयांनो, भेटप्रत मागू नका, एक प्रत विकत घ्या

प्रति,
महाराष्ट्रातल्या सार्वजनिक वाचनालयांचे ग्रंथपाल, कार्यवाह, खजिनदार आणि पुस्तकं निवडणारी सगळी मंडळी

सप्रेम नमस्कार,

थेट मुद्द्यावरच येतो. स्वतःचं पुस्तक स्वतःच्या खर्चाने छापलेला लेखक तुमच्या टेबलासमोर येऊन बसला की त्याला साधारण तीनच उत्तरं मिळतात. एक, "भेटप्रत ठेवून जा, मंडळापुढे मांडतो." दोन, "चाळीस टक्के सवलत देत असाल तर बघू." तीन, "आम्ही डायरेक्ट घेत नाही, आमच्या एजन्सीकडे ठेवा, ते आणतील." तिन्ही उत्तरं अगदी गोड आवाजात मिळतात, वर चहाही मिळतो आणि "लिहिताय हे छानच" असं सर्टिफिकेटही मिळतं. पुस्तक मात्र कोणी घेत नाही.

मी काही मोठा लेखक नाही. साखर कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्ट म्हणून उभं आयुष्य गेलं, रसाचे ब्रिक्स-पोल म्हणजे गोडीची मापं काढत आणि रात्रपाळ्या करत. गळीत हंगामावर लिहिलं, म्हणजे तोडणीच्या टोळ्या, गाडीतळ, बॉयलरवरची माणसं, हंगाम संपल्यावर रिकामा पडलेला यार्ड असं सगळं. पानं १९२. दोन-तीन प्रकाशकांकडे दिलं होतं, एकाने उत्तरच दिलं नाही, एक म्हणाले विषय चांगला आहे पण ३०० प्रती तुम्हीच विकत घ्या. म्हटलं मग माझ्याच पैशाने छापायचंय तर माझ्याच नावाने छापतो. तर हे पत्र माझं पुस्तक घ्या म्हणून नाहीये, नाव मुद्दामच टाकत नाही. माझ्यासारखे गावोगावी खूप आहेत, निवृत्त शिक्षक, नर्स, एसटीतले कंडक्टर, शेतीवर लिहिणारी पोरं, त्या सगळ्यांचा हिशेब एकदा तुमच्यासमोर मांडावा असं वाटलं, कारण हा हिशेब कोणी उघड बोलत नाही. लेखकाला पैशाचं बोलायची लाज वाटते आणि तुम्हाला विचारायची.

तर हिशेब. डेमी साइझ, १६ पानी १२ फॉर्म, आत ७० जीएसएमचा नॅचरल शेड कागद, परफेक्ट बाइंडिंग, कव्हरला मॅट लॅमिनेशन. ५०० प्रतींचं छपाई, कागद, बाइंडिंग धरून ४६ हजार झालं. डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवरची अक्षरजुळणी, पानाला ३० रुपयांनी पावणेसहा हजाराच्या आसपास, प्रूफं पानाला २० म्हणजे आणखी चारेक हजार, कव्हर करणाऱ्या मुलाला पाच. बेरीज साठ-एकसष्ट हजार. म्हणजे प्रत माझ्या दारात येऊन पडली तेव्हाच ती १२१ रुपयांची होती, त्यात माझ्या लिहिण्याचा एक पैसा धरलेला नाही. छापील किंमत ठेवली ३००. लोक म्हणतात फार ठेवली, १९२ पानांना तीनशे? पुढे वाचा म्हणजे कळेल.

आणि ५०० च का? तर ऑफसेटला त्याच्या खाली गेलं की प्रतीचा भाव एकदम चढतो, प्लेटा आणि मशीन लावायचा खर्च तेवढाच राहतो ना. डिजिटलवर पन्नास-शंभर काढता येतात, प्रिंट ऑन डिमांड म्हणतात ते, पण तिथे पानाच्या हिशेबाने पैसे, मग एकेक प्रतच एवढी महाग पडते की एजन्सीला कमिशन देणं शक्यच नाही. म्हणजे एकतर घरात गठ्ठे साठवा नाहीतर विकायचं नावच काढू नका. मी गठ्ठे साठवले. ब्राऊन पेपरात सुतळीने बांधलेले पंचवीस-पंचवीसचे गठ्ठे दिवाणाखाली आहेत, पावसाळ्यात दमट हवेने वरच्या प्रतींची कव्हरं केळीच्या पानासारखी वळतात आणि मग ती प्रत कोणाला देताना "आत सगळं ठीक आहे" असं सांगावं लागतं.

डीटीपीबद्दल थोडं सांगतोच, कारण स्वप्रकाशित पुस्तकात चुका फार असतात असं तुमचं म्हणणं असतं आणि ते बरोबर आहे. आम्ही मोबाईलवर किंवा कॉम्प्युटरवर युनिकोडमध्ये टाइप करतो, पण तालुक्याच्या ठिकाणचा डीटीपीवाला अजून जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमध्ये काम करतो, तिथे मजकूर कन्व्हर्टरमधून जातो आणि मग गंमत सुरू होते. 'ऊस तोडणाऱ्या बायका' चं 'तोडणार्या बायका', 'दऱ्या' चं 'दर्या', म्हणजे माझ्या पुस्तकात डोंगरातल्या टोळ्या दर्यात उतरून कामावर येत होत्या. अशी अक्षरं एकेक करून पकडावी लागतात. मोठ्या प्रकाशकाकडे दोन-तीन डोळे असतात, इथे लेखक, त्याची बायको आणि पानामागे वीस रुपये घेणारा एक प्रूफरीडर. तर चुका राहतात. पण चुका आहेत म्हणून घेत नाही असं एखाद्या ग्रंथपालाने पुस्तक उघडून सांगितलं ना, तर मला राग येणार नाही, उलट पाय धरीन. न उघडता "प्रकाशन कुठलं?" विचारून बाजूला ठेवतात ते लागतं.

आता विक्री. वितरक ५० टक्के मागतो, काही जण त्याच्याही वर. प्रती त्याच्या गोडाऊनला पोचवायच्या आपण, पैसे विक्री झाल्यावर, म्हणजे सहा महिन्यांनी फोन केला तर "सर अजून हिशेब काढला नाही". ३०० चे १५० हातात, त्यातून १२१ खर्च आणि पोचवायचं भाडं गेलं की वीसेक रुपये उरले. तेही विकलं गेलं तर, नाहीतर वर्षाने कोपरे दुमडलेल्या प्रती परत. मी एका वितरकाकडे ठेवल्या होत्या, नाव घेत नाही, त्याचीही दुकानं चालत नाहीत हे दिसत होतं.

तुमची चाळीस टक्क्यांची सवलत धरा. ३०० चे १८०. पोस्टाने पाठवायचं तर ज्ञान पोस्टने, म्हणजे पोस्टाच्या पुस्तकांसाठीच्या स्वस्त सेवेने, २० रुपये अधिक टॅक्स, पुठ्ठा-पॅकिंग दहा, गेले चौतीस. प्रतीचे १२१ गेले, उरले पंचवीस. आमच्या साखरेच्या धंद्यात शंभर किलो उसातून किती किलो साखर निघाली त्याला रिकव्हरी म्हणतात, आमच्या भागात ती अकरा-बाराला असते. तीनशेच्या पुस्तकात पंचवीस म्हणजे आठ टक्के, एवढ्या रिकव्हरीवर आमचा कारखाना जानेवारीतच बंद करावा लागला असता.

आणि आता भेटप्रत. भेटप्रतीला माझा खर्च १२१ अधिक पाठवायचे ३४, म्हणजे १५५. एक भेटप्रत भरून काढायला चाळीस टक्के सवलतीवाल्या सहा प्रती विकाव्या लागतात, तरी पाचेक रुपये कमीच पडतात. सहा! तुम्ही सहज म्हणता, "एक प्रत द्या की, वाचनालयात राहील, लोक वाचतील." राज्यात वाचनालयं हजारोंनी आहेत. प्रत्येकाला एक म्हटलं तर माझी आवृत्ती एका-दोन जिल्ह्यांतच फुकट संपेल आणि मी दुसरी काढायला कर्ज काढीन.

बरं भेट दिलेल्या पुस्तकाचं होतं काय? सगळीकडे असंच होतं असं म्हणत नाही, पण एका वाचनालयात कपाटाच्या वर भेटपुस्तकांचा गठ्ठा बघितला, दाखल रजिस्टरला नोंद नाही, शिक्का नाही, कार्ड नाही, मेंबरला कळायला मार्गच नाही की हे पुस्तक इथे आहे. विकत घेतलेल्या पुस्तकाचं बिल असतं म्हणून त्याची नोंद होतेच, ऑडिटला दाखवावी लागते. फुकटच्या पुस्तकाला विचारणारं कोणी नाही. म्हणजे आम्ही प्रत फुकट देऊन ती वाचली न जायची सोय करतो.

फुकट प्रती द्यायला मी कंजूष आहे असं नाही. १९५४ चा कायदा आहे, डिलिव्हरी ऑफ बुक्स, त्याप्रमाणे प्रकाशकाने ३० दिवसांच्या आत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांना एकेक प्रत स्वखर्चाने पाठवायची असते. आता प्रकाशक मीच, तर मी पाठवल्या, आनंदाने. समीक्षकांना दिल्या, ज्यांच्यावर लिहिलं त्या टोळीच्या मुकादमाला दिली, त्याने नातवाकडून वाचून घेतली. या प्रती कुठे गेल्या आणि का गेल्या ते मला माहीत आहे.

आता तुमच्या अडचणी. त्या खोट्या नाहीत हे मला कळतं. क किंवा ड वर्गाच्या वाचनालयाचं अनुदान किती, त्यातून ग्रंथपालाच्या हातात काय पडतं, ते महिन्यावर भागलं तर रोजंदारीवाल्यालाही लाज वाटेल. अनुदान हप्त्यांनी येतं, उशिरा येतं, पंखा बंद पडला तरी वर्गणी काढावी लागते. १९६७ साली राज्यातल्या सार्वजनिक ग्रंथालयांसाठी कायदा झाला, त्याच्याही आधी १९४५ साली आमच्या शेजारच्या कोल्हापूर संस्थानाने देशातला पहिला ग्रंथालय कायदा केला, रत्नागिरीचं वाचनालय तर १८२८ पासूनचं आहे, एवढी जुनी परंपरा आणि आज ती चालवणारा माणूस अर्धपगारी. मी त्याच्याकडे पैसे मागत नाहीये. मी एवढंच म्हणतोय की अनुदानातला पुस्तकांसाठीचा जो ठरलेला वाटा तुम्ही दरवर्षी खर्च करताच, तो कसा खर्च होतो ते बघा.

कारण मार्च महिना आपण सगळ्यांनी बघितलाय. हप्ता आला, खर्च दाखवायचाय, दिवस थोडे. मग टेम्पोतून लॉट येतो. छापील किंमत भरमसाट, सवलत साठ टक्के, पुस्तकं कोणती तर व्यक्तिमत्त्व विकास, शंभर पाककृती, इंटरनेटवरून उचललेली थोरांची चरित्रं, एकाच मजकुराची तीन वेगळी कव्हरं. बिल एका कागदावर, काम झालं. ती पुस्तकं कोणी वाचत नाही हे तुम्हालाही माहीत असतं, कारण तारखांच्या चिठ्ठीवर एकही शिक्का पडत नाही. लॉटवाल्याला साठ टक्के परवडतात कारण किंमतच आधी तेवढी फुगवलेली असते, आणि आम्ही तीनशेची किंमत ठेवली की फार वाटते! सवलतीचा आकडा बघून पुस्तक घेणं बंद केलं तर तेवढ्याच पैशात निम्मी पुस्तकं येतील पण ती वाचली जातील. हे माझं मत, कोणाला राग आला तर येऊ दे.

दुसरी अडचण खजिनदारांची. "तुमचा जीएसटी नंबर नाही, बिल कसं घेणार?" हे मी इतक्या ठिकाणी ऐकलंय की आता तोंडपाठ उत्तर देतो. छापील पुस्तकावर जीएसटी शून्य आहे. जो माणूस फक्त करमुक्त मालच विकतो त्याला जीएसटी नोंदणी घ्यायची सक्तीच नाही. त्यामुळे लेखकाने साध्या बिलबुकावर नंबर, तारीख, पुस्तकाचं नाव, किंमत, सवलत लिहून सही केली आणि पैसे मिळाल्याची पावती दिली की ते बिल बिलच आहे. शंका असेल तर तुमच्या सीएला एक फोन करा, दोन मिनिटांचं काम. उलट आमचीच पंचाईत अशी की कागदावर मात्र टॅक्स आहे, २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १२ चा १८ टक्के झाला, वह्यांचा कागद तेवढा सुटला. पुस्तकावर शून्य म्हणजे कागदावर भरलेला टॅक्स वळता करून घ्यायची सोय नाही, तो छापखान्याच्या बिलातून आमच्या प्रतीवर येऊन बसतो. पुढची आवृत्ती काढणाऱ्याला हे लागणार आहे.

तिसरी, "आयएसबीएन आहे का?" आहे. भारतात हा पुस्तकाचा नंबर केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाखालच्या राजा राममोहन रॉय एजन्सीकडून ऑनलाइन मिळतो आणि त्याला फी नाही, एक रुपयाही नाही. हे मी मुद्दाम मोठ्याने सांगतोय कारण 'इतक्या हजारात लेखक व्हा' अशी पॅकेजं विकणारे लोक या नंबराचेच वेगळे पैसे लावतात, आणि नंबर घेतात स्वतःच्या नावावर, मग कागदोपत्री प्रकाशक ते आणि पैसे घातलेला लेखक नुसता गिऱ्हाईक. पण तुमच्यासाठी सांगायचं तर आयएसबीएन हा काही आयएसआय मार्क नाही. तो असला म्हणून पुस्तक चांगलं नाही आणि नसला म्हणून वाईट नाही, तो नुसता ओळख नंबर आहे.

आणि शेवटची अडचण, जी तोंडावर कोणी बोलत नाही, की स्वतः छापलेलं म्हणजे कोणी घेतलं नाही म्हणून छापलेलं. थोडं खरं आहे. खूप सुमार पुस्तकं निघतात, वाढदिवसाला निघतात, आमदारांच्या हस्ते निघतात, पहिली आठ पानं शुभेच्छांची असतात. ती घेऊ नका, मी पण घेत नाही. पण एकोणिसाव्या शतकातली मराठी पुस्तकं तुमच्या जुन्या कपाटात असतील तर काढून बघा, किती तरी पुस्तकांत आश्रयदात्यांची यादी छापलेली सापडेल, कोणी किती प्रती घेतल्या त्यासकट. लेखकाने आधी वर्गणीदार जमवायचे आणि मग छापायचं, मराठीत पुस्तक असंच उभं राहिलंय. साठच्या दशकात मुंबईत पोरांनी सायक्लोस्टाईलवर अनियतकालिकं काढली, ती तेव्हा कोणत्या ग्रंथनिवड समितीने मंजूर केली होती? आज त्याच अंकांसाठी पीएचडीवाले वाचनालयांच्या पायऱ्या झिजवतात आणि बहुतेक ठिकाणी अंक नसतात.

शिवाय स्थानिक गोष्ट तुम्ही नाही ठेवली तर कोण ठेवणार? आपल्या तालुक्यातल्या धरणग्रस्तांवर, यंत्रमागांवर, तमाशाच्या फडांवर, एखाद्या नदीवर गावातल्याच माणसाने लिहिलेलं पुस्तक पुण्या-मुंबईच्या दुकानात टिकणार नाही हे धरूनच चालू, त्याचा वाचक तुमच्या हॉलमध्ये पेपर वाचत बसलेला असतो. ई-बुक काढा असं मला तरुण पोरं सांगतात, किंडलवर २०१६ पासून मराठी आहे, मी काढलंयही, पण हंगामावर काम केलेला माणूस ते तिथे जाऊन वाचणार आहे का? तो तुमच्याकडेच येणार.

म्हणून मागणं एवढंच. वर्षाच्या पुस्तकखरेदीतला एक छोटासा हिस्सा, अगदी शंभरातले पाच रुपये, जिल्ह्यातल्या लेखकांकडून थेट खरेदी करायला बाजूला काढा आणि तसा कार्यकारी मंडळात ठराव करून ठेवा, म्हणजे दरवेळी ग्रंथपालाला एकट्याला निर्णय घ्यायला नको. पुस्तक आलं की कोणीतरी एकाने वीस पानं वाचावीत. नाही आवडलं तर सरळ नाही म्हणा आणि प्रत परत द्या, आम्ही येऊन घेऊन जाऊ. आवडलं तर एकच प्रत घ्या, वीस-पंचवीस टक्के सवलतीने घ्या, आणि पैसे महिन्याभरात द्या. पंचवीस टक्क्याने मला २२५ मिळतात, सगळं जाऊन सत्तर उरतात, तेवढ्यात मी खूश आहे, शंभर वाचनालयांनी घेतलं तर सात हजार, पुढच्या पुस्तकाचं डीटीपी निघालं. आणि घेतलेलं पुस्तक नवीन पुस्तकांच्या रॅकवर महिनाभर समोर ठेवा, दिवाळी अंकांच्या मागे नको.

लेखकांनाही दोन शब्द, हे पत्र तेही वाचतील म्हणून. वाचनालयात जाताना बिलबुक घेऊन जा. सत्कार-प्रकाशन करा म्हणून ग्रंथपालाच्या मागे लागू नका, त्याच्याकडे नारळाला पैसे नसतात. आणि आपलं पुस्तक ज्या वाचनालयाने घ्यावं असं वाटतं त्याचे आपण मेंबर आहोत का ते आधी बघा.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक लेखक, प्रकाशक, वितरक आणि गठ्ठे उचलणारा हमाल
(चारही पदं एकाच पगारात)

ता.क. पोस्टाबद्दल राहिलं. पूर्वीचं नोंदणीकृत बुक पोस्ट १८ डिसेंबर २०२४ पासून बंद झालं, तेव्हा काही महिने आमचे फारच हाल झाले, एका पुस्तकाला नव्वदच्या घरात खर्च यायला लागला होता. १ मे २०२५ पासून ज्ञान पोस्ट सुरू झालंय, ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि पाच किलोपर्यंत १०० रुपये, वर टॅक्स, ट्रॅकिंगही आहे, फक्त ते रस्त्याने-रेल्वेने जातं त्यामुळे वेळ लागतो. पुस्तकावर प्रकाशकाचं किंवा मुद्रकाचं नाव लागतं आणि आत जाहिरातीचा मजकूर चालत नाही. आजूबाजूच्या पाच-सहा वाचनालयांनी मिळून ऑर्डर दिली तर एकाच पार्सलमध्ये सगळ्या प्रती बसतात, तेवढा खर्च वाचला तर मी सवलत आणखी पाच टक्क्यांनी वाढवून देईन.